बिडी बंद, चाय चालू

आमच्या हॉटेलात बिडी-सिगरेट बंद करून आता बरेच दिवस झाले, तरी अजून कोणी ना कोणी विचारतेच की भाऊ गिऱ्हाईक तुटलं का, धंदा बसला का. विचारणारा बहुतेक स्वतः हॉटेलवाला असते नाहीतर पानठेलेवाला, म्हणजे भीती त्याच्याच पोटात असते. एकेकाला सांगून सांगून कंटाळा आला म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

हॉटेल म्हणजे काही मोठं नाही. गडचिरोली जिल्ह्यात, वडसा-कुरखेड्याकडच्या रोडवर, बस थांबते तिथं. टिनाचं छप्पर, सहा बाकं, समोर भट्टी, सकाळी पोहे-तर्री (तर्री म्हणजे पोह्यावर टाकायचा तिखट रस्सा) अन् आलुबोंडा, दुपारून भजे, अन् चाय दिवसभर. बाबांच्या काळापासून आहे. अन् बाबांच्या काळापासूनच चाय अन् बिडी ही जोडी, हाफ चाय घेतली की बिडी पेटलीच पाह्यजे, पेपर उघडला की दुसरी. आम्ही त्याच्यासाठी सोयपण केली होती, खांबाला सुतळीचा वेटोळा बांधलेला, त्याचं टोक सकाळी पेटवून द्यायचं, ते दिवसभर धुपत राह्यचं, ज्याला पाह्यजे त्यानं त्याच्यावर बिडी टेकवायची, माचिसचा खर्च नाही. थोटकं टाकायला नारळाच्या करवंट्या ठेवल्या होत्या. हे सगळं आपण कायद्याच्या विरुद्ध करून राहिलो असं कोणाच्या मनातही नव्हतं. बसमध्ये मात्र कोणी ओढत नव्हतं, तिथं लिहूनच राह्यते अन् कंडक्टर ओरडते, पण हॉटेल म्हणजे हॉटेल.

मग एक दिवस जिल्ह्यावरून पथक आलं, सोबत पोलीस. बाजाराचा दिवस, हॉटेल भरलेलं, आतमध्ये चार-पाच जण ओढत बसलेले. त्यांनी सरळ पावत्या फाडल्या, माणसामागं दोनशे रुपये. एक जण मागच्या दारानं धानाच्या बांधीतून पळाला तो बूट तिथंच सोडून. मला म्हणाले हे करवंट्या, ही सुतळी, हे काही चालत नाही, बोर्ड लावा, पुढच्या वेळेस आतमध्ये जेवढे ओढताना सापडतील तेवढ्यांचा दंड तुमच्यावर पण बसू शकते. मी म्हटलं साहेब, मी काय कोणाच्या तोंडातून बिडी काढू का. ते म्हणाले हो, काढा. एवढंच.

राग आला होता, खोटं कायले बोलू. दोनशे रुपये म्हणजे आमच्याकडं कोणाची जवळपास दिवसाची मजुरी. ज्यांना दंड बसला ते दंड देऊन माझ्याकडंच पाहून राहिले होते, जसं मीच पथक बोलावलं.

माझा भाचा नागपूरला शिकते, तो सुट्टीत आला तेव्हा त्यानं मोबाईलवर सगळा कायदा काढून वाचून दाखवला. मला वाटायचं हे नवीनच काहीतरी निघालं असन, तर तंबाखू-सिगरेटवरचा हा कायदा २००३ चा, कोटपा म्हणतात त्याला. अन् त्याच्याही आधी २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक ठिकाणी ओढायला मनाई केली होती, ती केस टाकणारे आपले मुंबईचेच काँग्रेसवाले पुढारी मुरली देवरा. मग २ ऑक्टोबर २००८ पासून नवीन नियम लागू झाले, त्याच्यात हॉटेल, कॅन्टीन, ऑफिस, बस स्टँड सगळं आलं. म्हणजे आमच्या करवंट्या इतकी वर्षं बेकायदेशीर होत्या अन् कोणाला पत्ता नव्हता. नियमात हेही आहे की जिथं ओढायची मनाई तिथं अॅशट्रे, माचिस, लायटर काही ठेवायचं नाही. सुतळीचं नाव नाही त्याच्यात, पण सुतळी म्हणजे लायटरच झाला, त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एकानं आयडिया दिली की मागं एक कॅबिन काढ, ओढणाऱ्यांची वेगळी. भाच्यानं तेही पाहून सांगितलं, ती सोय तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला अन् तीस किंवा जास्त खोल्यांच्या लॉजला आहे, अन् ती खोली वरपर्यंत भिंतीनं बंद पाह्यजे, दार आपोआप लागणारं पाह्यजे, धूर मशीननं बाहेर ओढून घेतला पाह्यजे. आमच्या इथं रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसात रात्रभर लाईट नसते. तो विषय तिथंच संपला.

बोर्ड बनवायला वडसाला गेलो. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर, सिगरेटीवर काट मारलेलं चित्र, अन् खाली 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे'. पेंटर म्हणाला, खाली नाव कोणाचं टाकू? कारण नियम असा की कोणी ओढत असलं तर तक्रार कोणाकडं करायची त्या माणसाचं नाव बोर्डावर पाह्यजे. मी स्वतःच ओढणारा, माझं नाव टाकलं असतं तर अख्खं गाव हसलं असतं. मग बायकोचं टाकलं. हा निर्णय मात्र फार कामाचा निघाला. मी कोणाला म्हटलं काकाजी बाहेर, तर काकाजी म्हणायचे थांब रे पोरा दोन झुरके, पण बोर्डावर वहिनीचं नाव अन् वहिनी तिथंच भट्टीजवळ झारा घेऊन उभी, म्हटल्यावर माणूस आपोआप उठायचा. ती पहिल्या दिवसापासून खूश होती. मला तेव्हा समजलं की इतकी वर्षं ती त्या धुरात उभी राहून भजे तळून राहिली होती, इकडून भट्टीचा धूर अन् तिकडून बिड्यांचा, अन् आपण कधी विचारलंच नव्हतं. पोरगापण गल्ल्यावर बसून अभ्यास करायचा, त्याच्या वहीला बिडीचा वास यायचा असं त्याची मॅडम म्हणत होती म्हणे.

पहिले दिवस वाईट गेले. एक आमचे जुने बाबाजी, सकाळी सहाला येणारे, दिवसाचं दीड बंडल ओढणारे, ते बोर्डाकडं पाहून म्हणाले, "काहून बे, तुह्या बापाच्या टायमाले म्या इथं बसून बिडी ओढली, आता तू मले बाहेर हाकलते?" मी म्हटलं मी नाही बाबाजी, सरकार हाकलते. "सरकार कुठं बसलं हाये इथं, दाखव मले." ते आठ-पंधरा दिवस समोरच्या हॉटेलात जाऊन बसले, तिथं तेव्हा चालत होतं. त्यांच्यासोबत त्यांची अख्खी बैठक गेली, पत्ते खेळणारे, पेपर वाचणारे, ग्रामपंचायतीचं राजकारण करणारे. काही परत आले, समोरचा आलुबोंडा तेलकट म्हणून. दोघं-तिघं आलेच नाही कधी, रस्त्यात भेटले तर राम राम करतात पण चाय तिकडंच पितात. आता तिथंही बोर्ड लागला तरी पितात.

पावसाळ्यात तर जास्तच मजा. आमच्यासमोर कडूनिंबाचं झाड आहे, उघड्यावर ओढायला कायद्यात मनाई नाही, मोकळी जागा सोडून दिली आहे त्यांनी, फक्त बस स्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम, असं काही उघडं असलं तरी धरलं आहे. म्हणून झाडाखाली ओढा म्हटलं. तर रोवणीच्या दिवसात डोक्यावर पोत्याची घोंगशी घेऊन माणसं झाडाखाली उभी, एका हातात चाय, चायमध्ये पाणी पडून राहिलं, बिडी विझून राहिली, अन् मला शिव्या देऊन राहिले. पण त्याच्यातूनच एक झालं की ज्यांची सवय फक्त हाताची होती, म्हणजे बसलं की पेटवायची, त्यांची कमी झाली. उठून जायचा आळस. माझंही तेच झालं. गल्ला सोडून बाहेर जायचं तर कोणाला तरी बसवावं लागते, बसवलं की हिशोब चुकते, मग जाऊ दे म्हणायचं. सुटली नाही, पण बंडल जे एका दिवसात संपायचं ते आता तीन दिवस जाते.

आता धंद्याचं, जे सगळ्यांना ऐकायचं असते. सुरुवातीला गल्ला कमी झाला हे खरं आहे. पण मी तेव्हाच सांगत होतो की आषाढ-श्रावणात तो दर वर्षीच कमी होते, सगळी माणसं बांधीत असतात, त्याचं खापर बोर्डावर फोडता येत नाही. खरा हिशोब धान निघाल्यावर लागला. अन् तेव्हा जे दिसलं ते मलाही वाटलं नव्हतं. आधी काय व्हायचं, एक माणूस हाफ चाय घेऊन तास-तास बसायचा, बाक अडकलेलं, बसमधून उतरलेला माणूस आत डोकावून जागा नाही म्हणून पुढं जायचा. आता चाय पिली की बिडीची तलप येते अन् माणूस स्वतःच उठते. बाक मोकळं होते. अन् बाया यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन, लेकरं घेऊन, आशाताई, शाळेच्या मॅडम, बँकेत आलेल्या बचत गटाच्या बाया. आधी त्या बाहेर उभ्या राहून पार्सल न्यायच्या, आत बसायच्या नाहीत, अन् मला वाटायचं त्यांना तशीच सवय आहे. लेकरासोबतची बाई नुसती हाफ चाय घेत नाही, पोहे घेते, आलुबोंडे घेते, घरच्यासाठी बांधूनही नेते. तर चायचे कप थोडे कमी झाले अन् नाश्त्याच्या प्लेटा वाढल्या, अन् प्लेटमध्ये चायपेक्षा जास्त सुटते हे कोणताही हॉटेलवाला सांगन.

भाचा म्हणे हे जगभर असंच दिसलं आहे. आयर्लंडमध्ये २००४ ला पबमध्ये सिगरेट बंद केली तेव्हा तिथले पबवालेपण बोंबलत होते, अन् कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं २००९ मध्ये सगळा अभ्यास पाहून सांगितलं की अशा बंदीनं हॉटेल-बारचा धंदा पडत नाही. मी म्हटलं बाबू, आयर्लंडातले पब अन् आपलं तर्री-पोह्याचं दुकान, कुठं काय लावते तू. पण गल्ला पाहिल्यावर गप बसलो.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. पुढची कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो.

हॉटेलला लागून माझ्या चुलतभावाचा पानठेला आहे. बोर्ड लागला तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता, त्याला वाटलं बिडी-सिगरेटचं आता संपलं. त्यात सुटी सिगरेट-बिडी विकायला राज्यात २०२० च्या सप्टेंबरपासून बंदी आहे, पाकीट पूर्ण विकायचं, अन् आमच्याकडं पूर्ण पाकीट कोण घेते. कॉलेजचे पोट्टे एक घेऊन तिघं ओढणारे. पण त्याचं झालं उलटं. माणूस चायसोबत बिडी आत ओढू शकत नाही तर काय करते? खर्रा खाते. खर्ऱ्याला माचिस लागत नाही, धूर नाही, बोर्डावर त्याचं चित्र नाही, वहिनी झारा घेऊन आली तरी तोंड बंद ठेवलं की झालं. आमच्या बैठकीतले अर्धे लोक बिडीवरून खर्ऱ्यावर गेले, आधी दोन्ही करत होते, आता एकच, पण ते एक दुप्पट. भाऊ दिवसभर पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटत बसते, घोटून घोटून त्याचा अंगठा काळा पडला. विदर्भाबाहेरच्या माणसाला खर्रा समजत नाही, त्यांना वाटते गुटख्यासारखं पाकीट असन. नाही, हा ताजा बनते, ज्याच्या त्याच्या पसंतीचा, सुपारी जास्त, तंबाखू कमी, काय ते. गुटखा राज्यात २०१२ मध्ये बंद झाला, मग पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखूपण त्या बंदीत आला, पण तो कुठून अन् कसा येते हे शाळेतलं पोरगं पण सांगन.

अन् हे मला माझ्या धंद्यात दिसलं, तर्रीमध्ये. तुम्ही म्हणसान तर्रीचा काय संबंध. आमच्याकडं पोह्यावर तर्री नसली तर माणूस प्लेट परत करते. पण आता रोज काही जण म्हणतात, "भाऊ, तर्री नको, कोरेच दे." तरणे पोट्टे, वीस-बावीसचे. मी एकाला विचारलं तर म्हणे तोंडात आग होते. मग पाहायला लागलो, तो आलुबोंडा तोडून तोडून बारीक करून आत ढकलत होता, कारण तोंड उघडत नव्हतं, दोन बोटं जातील एवढंच. सुपारीनं तोंडाची आतली कातडी कडक होते अन् जबडा हळूहळू बंद होत जाते, हे आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, अन् म्हणे त्याच्यातूनच पुढं कॅन्सरची भीती. बिडीवाल्या बाबाजींना खोकला होता पण ते सत्तरीत पण तर्री ओरपत होते. ह्या पोट्ट्याचं लग्न नाही झालं अजून. आता मी सकाळी बिनातर्रीचा रस्सा वेगळा काढून ठेवतो, फिक्का, एवढी मागणी आहे त्याची.

भाच्याला म्हटलं याचे काही आकडे असतीन तर काढ. २०१६-१७ चा सरकारी सर्वे आहे, त्याच्यात महाराष्ट्रात मोठ्या माणसांमध्ये ओढणारे शंभरात चार पण नाहीत, ३.८ टक्के, अन् चघळणारे-खाणारे २४.४ टक्के. म्हणजे माझा तो साठ बाय तीसचा बोर्ड चार माणसांसाठी आहे अन् चोवीस माणसं त्याच्याखाली बसून पुड्या खोलून राहिलीत. माझं म्हणणं बोर्ड काढा असं बिलकुल नाही, बायकोनं मारलं असतं मला. पण पथक येते ते धूर पाहते. आता परत आले होते तेव्हा हॉटेल पाहून म्हणाले वा, छान, अन् फोटो काढून नेला. फोटोत मागच्या भिंतीवरच्या लाल पिचकाऱ्या आल्या असतीन.

गावोगाव हे थांबवायचं काम करणारे नाहीत असं नाही. डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेचं अन् सरकारचं मुक्तिपथ आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून आहे, दारू अन् तंबाखू दोन्हीवर, गावाच्या सभेत ठराव होतात, बाया पुढं असतात. दारूबंदी तर जिल्ह्यात १९९३ पासून आहे. काही गावांत ठेल्यावर खर्रा खरंच दिसत नाही. आमच्याही गावात सभा झाली, भावानं हात वर केला, दुसऱ्या दिवसापासून खर्रा ठेल्यावरून खाली उतरला, म्हणजे बाकाखालच्या डब्यात गेला. मी त्याला बोललो तर म्हणे, "दादा, तुह्याकडं बाया येऊन पोहे खातात, माह्या ठेल्यावर बाया येऊन काय खातीन?" याच्यावर मला काही उत्तर देता आलं नाही.

अन् दुसरं एक गमतीचं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईचे दिवस, मंडई म्हणजे गावची जत्रा, तिथं वडसाच्या नाटक कंपन्यांचे नाटक, रात्रभर. मी तिथं चायचा ठेला लावतो. कायदा म्हणते उघड्यावरचं प्रेक्षागृह पण सार्वजनिक जागा. तिथं एकही बोर्ड नसते. पण माइकवरून सांगतात, "मंडपात कोणी बिडी पेटवू नये, खाली तनीस आहे, आग लागन," अन् लोक ऐकतात! दोनशेच्या दंडाला घाबरले नाहीत तेवढे तनसाला, म्हणजे धानाच्या वाळलेल्या पेंढ्याला, घाबरतात. मागं जाऊन ओढून येतात, हिरॉइनचं गाणं लागलं की पळत परत.

मे महिन्यात तर आणखी. ज्या गावात बोर्ड लावला ते अख्खं गाव पहाटे चारला जंगलात, तेंदूपत्ता, म्हणजे बिडी बांधायचं पान, तोडायला, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचा. त्याच पैशात रोवणीचं खत-बियाणं होते, पोरांची वह्या-पुस्तकं होतात, पेसाच्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना हक्क देणाऱ्या कायद्याखालच्या, गावात तर ग्रामसभाच पानं विकते. मीपण त्या दिवसात हॉटेल दुपारून उघडतो, सकाळी पानं. एक दिवस बाबाजी फळीवर माझ्या बाजूला उकिडवे बसून पुडे बांधून राहिले होते, म्हणाले, "पानं तोडाले मनाई नाई, बिडी बांधाले मनाई नाई, इकाले मनाई नाई. तुह्याच बाकावर बसलो का मनाई?" बाजूच्या बाया हसत सुटल्या. पानं विकत घेणारा ठेकेदारपण त्याच बिडीपायी दंड भरून गेलेला, तो पण हसला.

बाबाजी आता माझ्याकडंच येतात, सकाळी सहालाच. झाडाखाली त्यांच्यासाठी एक दगड ठेवून दिला आहे, तिथं ओढतात अन् मग आत येऊन चाय पितात, आधी बिडी मग चाय, क्रमच बदलला त्यांनी. खर्रा मात्र खात नाहीत, दात नाहीत म्हणून.

ज्यांना बोर्ड लावायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो, टिनावर बनवा, फ्लेक्सचा पावसात टिकत नाही, अन् नाव दिवसभर हॉटेलातच असणाऱ्याचं, स्वतः न ओढणाऱ्याचंच टाका. करवंट्या-बिरवंट्या आधी काढा, त्या ठेवल्या की माणूस बोर्ड वाचूनही पेटवतेच. पहिल्या महिन्यात भांडण होईन, होऊ द्या.

सध्या आमचं भांडण भिंतीचं चालू आहे. हॉटेल अन् ठेल्याच्या मधली भिंत खर्ऱ्याच्या थुंकीनं खालून हातभर लाल झाली आहे. भाऊ म्हणते थुंकणारे तुझे गिऱ्हाईक, मी म्हणतो खर्रा तुझा. मंडईच्या आत रंग मारायचा आहे, अर्धे पैसे तो देतो म्हणाला आहे, पण अजून दिले नाहीत.